जामीन मंजूर झाला, पण सुटका अडली? बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी जामीनदार, अर्ज आणि कागदपत्रे

माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला चोरीच्या एका प्रकरणात जामीन मंजूर झाला तो बुधवार होता. घरी परतला तो अकरा दिवसांनी. मधले दिवस खटल्यात गेले नाहीत, कागदांत गेले. बहिणीचा भाऊ महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला. तो प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन पहाटेच्या गाडीने आला. आमच्या भागातल्या त्या न्यायालयाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, ‘महाराष्ट्राचा उतारा चालत नाही, इथला जामीनदार आणा.’ पिशवी छातीशी धरून तो दुपारपर्यंत व्हरांड्यात उभा होता.

खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात निम्मं गोत हद्दीपलीकडे असतं. लेक गडहिंग्लजला दिलेली, मामा आजऱ्याचा, शेती कागलच्या बाजूला. म्हणून सुरुवात याच प्रश्नापासून करतो.

परजिल्ह्यातला किंवा परराज्यातला जामीनदार

तो केवळ बाहेरचा आहे म्हणून नाकारता येत नाही. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या निकालात एका गरीब गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात विचारलं होतं की, कन्नडिगाला किंवा मल्याळी माणसाला बस्तरमध्ये अटक झाली तर त्याने तिथला जामीनदार आणायचा कुठून? पुढे ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातही सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, अशा प्रकरणांत न्यायालयांनी ती अट घालू नये.

खिडकीवरच्या नकारावर थांबू नका. तिथे वाद घालण्यातही वेळ दवडू नका. वकिलांकडून न्यायाधीशांपुढे लेखी अर्ज द्या, त्यात या दोन्हींचा उल्लेख करा आणि नाकारायचं असेल तर लेखी आदेश मागा. आमच्याकडे हे नवव्या दिवशी सुचलं. पहिल्याच दिवशी सुचलं असतं तर आठवडाभराची कोठडी वाचली असती, ही बोच अजून आहे.

जामीनदाराने सोबत काय न्यायचं? आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो, मालमत्तेचा पुरावा, चालू वर्षाची कर किंवा शेतसाऱ्याची पावती आणि प्रतिज्ञापत्र. कर्नाटकातली जमीन असेल तर आरटीसी उतारा (तिथला सातबारा), महाराष्ट्रातली असेल तर डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि आठ-अ, घर असेल तर घरपट्टीचा उतारा. नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. मराठी कागदांना कन्नड किंवा इंग्रजी अनुवाद जोडा, म्हणजे भाषेचं कारण उरत नाही. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स ठेवा, पण मूळ प्रतीही सोबत हव्यात, कारण पडताळणी त्यांच्यावरूनच होते.

प्रतिज्ञापत्रात एक गोष्ट लपवू नका: याआधी आपण किती जणांना जामीन राहिलो आहोत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जिने १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतली) कलम ४८६ नुसार ती माहिती द्यावीच लागते. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारी माणसं भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या उताऱ्यावर मिळालेला जामीन रद्द होऊ शकतो आणि जामीनदारासोबत आरोपीही नव्या गुन्ह्यात अडकू शकतो.

जामीनदार मिळतच नसेल तर

गुन्हा जामीनपात्र असेल तर याच संहितेचं कलम ४७८ वाचा (पुढे कायद्याचं नाव न देता येणारी कलमंही तिचीच). अटकेनंतर आठवड्याच्या आत जो जामीनदार देऊ शकत नाही, तो गरीब आहे असं न्यायालयाने गृहीत धरायचं आणि त्याला फक्त जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर सोडायचं. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मंजूर होऊनही रक्कम झेपत नसेल तर ती कमी करण्यासाठी कलम ४८४ खाली सत्र न्यायालयात अर्ज करता येतो. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू देण्याची विनंती कलम ४९० खाली करता येते.

२०२३ च्या त्याच आदेशाने तुरुंगावरही जबाबदारी टाकली आहे. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगामार्फत कैद्याला मिळायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. आपला माणूस हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात असेल आणि आठवडा उलटला असेल, तर साध्या कागदावर कैद्याचं नाव, खटला क्रमांक आणि जामीन आदेशाची तारीख लिहून प्राधिकरणाच्या कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.

याच वाटेने केंद्राच्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेचा लाभ मिळतो. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या (ज्याचा खटला अजून निकाली लागलेला नाही) जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती; आताची मर्यादा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा. जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि तुरुंगाची जबाबदारी असलेले न्यायाधीश यांची समिती ती ठरवते. पैसे कैद्याच्या हाती पडत नाहीत, थेट न्यायालयात भरले जातात. अमली पदार्थ, भ्रष्टाचार प्रतिबंध, मनी लाँडरिंग, बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध अशा कायद्यांखालच्या आरोपींना ती लागू नाही.

जामीनच झालेला नसेल तर दिवस मोजा

आरोपपत्र वेळेत आलं नाही तर कलम १८७(३) नुसार जामिनाचा हक्क मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, इतरांत ६०. दिवस धरायचे ते पहिल्या रिमांडपासून. मात्र हा जामीन आपोआप होत नाही. मुदत संपताच, आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज जायला हवा. एका दिवसाच्या उशिरानेही हा हक्क हातचा जाऊ शकतो.

दुसरी मोजणी कलम ४७९ ची. गुन्ह्याला सांगितलेल्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेला असेल तर जामीन. आधी कधीही दोषी ठरला नसेल तर एक तृतीयांशच पुरतो. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे, म्हणजे पहिल्यांदाच अडकलेल्या माणसाला एक वर्ष. घरातल्या चोरीला सात वर्षे आहेत, त्याला दोन वर्षे चार महिने. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल तरी नाही. आरोपीमुळे झालेला उशीर वजा होतो. हा अर्ज करणं तुरुंग अधीक्षकांचं कर्तव्य आहे. कायदा येण्याआधीच्या खटल्यांनाही हे कलम लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तरी घरच्यांनी तारीख स्वतः मोजावी आणि वकिलांना आठवण करावी.

अटकेआधी आणि अटकेच्या वेळी

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना अटकेची गरज वाटत नसेल तर ते कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देतात. ती आली तर घाबरून गाव सोडू नका. सांगितलेल्या दिवशी वकिलांचा सल्ला घेऊन ठाण्यात हजर व्हा, हजेरीची पोच घ्या. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहावं लागतं.

अटक झालीच तर कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांसाठी सांगितलं. आपल्याकडे ठाण्यातला कागद कन्नडमध्ये असतो आणि सही करणारा म्हातारा फक्त मराठी वाचतो. सही करण्याआधी ‘मला कन्नड वाचता येत नाही, मराठीत द्या’ असं सांगा आणि रिमांडच्या वेळी न्यायाधीशांनाही ते सांगा. एवढं वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावं असं मला मनापासून वाटतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर कोठडीतल्या कोणत्याही माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला तर पुढची पायरी उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहे.

जामीन राहणाऱ्यांनाही सांगून ठेवतो. आरोपी तारखेला आला नाही तर मुचलक्याची रक्कम तुमच्याकडून वसूल होते, म्हणून त्याच्या तारखा आपल्याही वहीत लिहा. पुढे जबाबदारी नको वाटली तर कलम ४८९ खाली अर्ज करून बाहेर पडता येतं. त्यानंतर आरोपीला नवा जामीनदार द्यावा लागतो, तेव्हा अर्ज करण्याआधी त्याच्या घरी कळवा.