बॅरिस्टर आंबेडकर : कोर्ट, छापखाना आणि मतपेटी

१९३७ सालच्या फेब्रुवारीत मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी मतदान झाले आणि भायखळा-परळ भागातून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उभे केलेले पाळवणकर बाळू हे त्या काळचे नामांकित क्रिकेटपटू होते आणि अस्पृश्य समाजातलेच होते. फरक सुमारे दोन हजार मतांचा पडला. त्यानंतर महिनाभरातच, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचा अखेरचा निकाल दिला. या दाव्यात आंबेडकर प्रतिवादी होते. त्याच सुमारास ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि ‘जनता’ हे त्यांच्या चळवळीचे पत्र नियमित निघत होते. कोर्ट, छापखाना आणि मतपेटी ही त्यांच्या आयुष्यातली तीन वेगळी दालने आहेत अशा समजुतीने पुष्कळदा लिहिले जाते. मला ते पटत नाही. कोर्टात दुसऱ्याच्या वतीने उभे राहायचे तर आधी अशिलाची सही असलेले वकीलपत्र दाखल करावे लागते. आंबेडकरांनी तेच वकीलपत्र संपादकांकडे आणि पुढाऱ्यांकडेही मागितले, आणि निवडणूक, वृत्तपत्रे व वकिली यांविषयीची त्यांची मते या एका मागणीतून वाढत गेली.

त्यांना वकिलीची सनद मिळण्याच्या आधीच या विचाराची सुरुवात झाली होती. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा ते सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. मताचा अधिकार त्या वेळी मालमत्ता आणि कर यांच्या मोजमापावर ठरत असे आणि अस्पृश्यांचे हित उच्चवर्णीय सुधारक पाहतीलच, असे गृहीत धरले जाई. आंबेडकरांचे म्हणणे असे होते की, विचारांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, माणसांचे प्रतिनिधित्वही हवे; लोकांसाठी चालवलेले सरकार लोकांनी चालवलेले असेलच असे नाही. आज हे वाक्य सोपे वाटते. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्याच्यासाठी सभागृहात खुर्ची मागणे १९१९ साली मुळीच सोपे नव्हते.

पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. आंबेडकर सरकारी कॉलेजात नोकरीला असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले, पण पहिला अग्रलेख आंबेडकरांचाच होता. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहणारी आहेत, अशी तक्रार करून त्यांनी त्यात बोटीचा दृष्टांत दिला होता. बोटीतल्या एका उतारूने दुसऱ्याचे नुकसान करण्याच्या हेतूने तिला भोक पाडले, तर बोटीबरोबर तोही बुडतो. ‘केसरी’ने या पत्राची पैसे देऊ केलेली जाहिरातही छापायला नकार दिला, ही हकिकत आंबेडकरांनीच पुढे ‘बहिष्कृत भारत’ या त्यांच्या नंतरच्या पत्रात नमूद करून ठेवली आहे. ती पुष्कळदा वैयक्तिक अपमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिचे महत्त्व त्याहून मोठे आहे. मत छापायचे की नाही हा संपादकाचा अधिकार मानला, तरी पैसे मोजून घेतलेली चार ओळींची जागाही जेव्हा नाकारली जाते, तेव्हा छपाईवर कोणाचा ताबा आहे हे उघड होते.

१९२३ च्या उन्हाळ्यात ग्रेज इनचे बॅरिस्टर होऊन ते मुंबईला परतले. सनदेच्या फीपुरतेही पैसे जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले. मुंबई हायकोर्टात त्या वेळी दोन बाजू होत्या: थेट दाखल होणाऱ्या दाव्यांची ओरिजिनल साइड आणि अपिलांची अपिलेट साइड. ओरिजिनल साइडवर बॅरिस्टरला सॉलिसिटरमार्फतच ब्रीफ, म्हणजे खटल्याचे काम, मिळे आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे ब्रीफ पाठवण्याची सॉलिसिटर मंडळींची तयारी नव्हती. म्हणून ते अपिलेट साइडवर आणि मुफसलच्या, म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांतल्या, कोर्टांत काम करू लागले. पोट भरण्यासाठी बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवण्याचे कामही त्यांनी काही वर्षे केले. कायद्यापुढे सर्व समान असे सांगणाऱ्या संस्थेत कामाचे दार कोणाच्या हातात असते, हे त्यांना पक्षकाराच्या आधी वकील म्हणूनच कळले होते.

गाजलेला पहिला मोठा खटला १९२६ सालचा. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर जळजळीत टीका करणाऱ्या ‘देशाचे दुश्मन’ या दिनकरराव जवळकरांच्या पुस्तिकेवरून पुण्यात अब्रुनुकसानीची फिर्याद झाली. लेखक जवळकर आणि प्रकाशक केशवराव जेधे यांच्यासह आरोपींना खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. अपिलात आंबेडकर उभे राहिले आणि सगळे सुटले. आवडनिवड बाजूला ठेवून कायद्याच्या नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवण्याची त्यांची पद्धत येथे दिसते. पुस्तिकेची भाषा सभ्य होती असे सिद्ध करण्याची त्यांना गरज नव्हती. फिर्याद करणाऱ्याला ती करण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला.

हीच पद्धत महाडला सगळ्यांत कडक कसोटीला लागली. मार्च १९२७ मध्ये त्यांनी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर सवर्णांनी १०८ घागरी पाणी उपसून पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले. तळे नगरपालिकेचे होते आणि ते सर्वांना खुले असल्याचा ठराव आधीच झालेला होता. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी माणसे जमली, तेव्हा सत्याग्रहासाठी नाव नोंदवलेल्यांची संख्या जवळजवळ चार हजारांपर्यंत गेली होती. गावोगावून भाकरी बांधून चालत आलेली, तुरुंगात जाण्याची तयारी करून आलेली ही माणसे होती. पण परिषदेच्या तोंडावर, १४ डिसेंबरला, महाडच्या दिवाणी कोर्टाने सवर्णांच्या दाव्यावरून आंबेडकरांसह प्रतिवादींना तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केली होती. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्याचा बेत मात्र स्थगित करावा लागला. सत्याग्रहाला उत्सुक असलेल्या त्या जमावाला कोर्टाचा हुकूम समजावून सांगायचे काम बॅरिस्टरांनाच करावे लागले. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता ते परतले.

या निर्णयावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. माझ्या मनात त्याबद्दल आदरच आहे. सवर्णांनी ज्या कोर्टाचा आडोसा घेतला होता, त्याच कोर्टात त्यांना हरवायचे आंबेडकरांनी ठरवले. त्याला दहा वर्षे लागली. वादींचा आधार अनादी रूढीचा होता: अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी कधीच घेतलेले नाही, म्हणून त्यांना मनाई करण्याचा आम्हांला हक्क आहे. १९३१ साली महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला, १९३३ साली ठाण्याच्या कोर्टाने अपील फेटाळले आणि १९३७ साली न्या. ब्रूमफील्ड यांनी हायकोर्टात तोच निकाल कायम केला. रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नव्हते. अस्पृश्यता अन्याय्य आहे असे त्या निकालाने म्हटले नाही, त्याचा जोर पुराव्याच्या भारावर होता. पण शतकानुशतके जी गोष्ट ‘असेच चालत आले आहे’ एवढ्या शब्दांवर चालली, तिचा पुरावा द्या, असे तिला विचारले गेले.

१९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’चे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांच्या बचावासाठीही आंबेडकर उभे राहिले. वाचकांनी लैंगिक विषयावर प्रश्न विचारायचे आणि कर्व्यांनी उत्तरे द्यायची, हे त्या मासिकाचे सदर खटल्याच्या मुळाशी होते. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. येथे अशील स्वतःच्या समाजातला नव्हता आणि लोकप्रिय तर मुळीच नव्हता. वाचकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार त्यांना जपण्यासारखा वाटला, हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे वृत्तपत्रांवर त्यांनी केलेली टीका छापण्याच्या स्वातंत्र्याला विरोध करणारी होती असा गैरसमज सहज होऊ शकतो.

ती टीका सगळ्यांत स्पष्टपणे १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात आली. हिंदुस्थानात पत्रकारिता हा एके काळी पेशा होता, आता तो धंदा झाला आहे, आणि साबण तयार करण्याच्या कामाहून अधिक नैतिक कर्तव्य त्यात उरलेले नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांचा रोख पुढाऱ्यांची पूजा बांधणाऱ्या पत्रांवर होता. वकील त्याच्या अशिलाचा सल्लागार असतो, तसे वृत्तपत्राने जनतेचा जबाबदार सल्लागार असावे, ही त्यांची अपेक्षा होती. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी वेगळे कलम असावे अशी मागणी झाली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. संपादक हा नागरिकच आहे आणि नागरिकाला जो अभिव्यक्तीचा हक्क आहे तोच त्याला आहे, जास्त नाही आणि कमीही नाही, हे त्यांचे उत्तर होते.

याच धाग्यातला अवघड भाग १९५१ सालचा आहे. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी आणि दिल्लीच्या एका पत्रावरची छपाईपूर्व सरकारी तपासणी, दोन्ही रद्द केल्या. त्यावर सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणली आणि कायदामंत्री म्हणून संसदेत तिचे समर्थन आंबेडकरांना करावे लागले. अभिव्यक्तीवरील निर्बंधांची कारणे या दुरुस्तीने वाढवली, पण त्याबरोबर निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत ही अटही घातली. आज न्यायालये एखादा निर्बंध तपासतात तेव्हा याच एका शब्दावर अडून बसतात. जेध्यांचा आणि कर्व्यांचा वकील या बाजूला उभा होता याचे मला वाईट वाटते, आणि त्या शब्दासाठी त्यांचे ऋणही वाटते.

निवडणुकीच्या प्रश्नाची गुंतागुंत मात्र याहून जुनी आहे. सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे अस्पृश्यांचे प्रतिनिधी फक्त अस्पृश्य मतदारांनीच निवडण्याची तरतूद, गेले. प्रांतिक सभागृहांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण प्राथमिक फेरीत अस्पृश्य मतदारांनी चार जण निवडायचे आणि अंतिम निवड सर्व मतदारांनी करायची, असे ठरले. निवड बहुसंख्याकांच्या हाती गेली की निवडून येणारा माणूस जातीने आपला असला तरी त्याचे वकीलपत्र दुसऱ्याच्या सहीचे असते. प्रतिपक्षाने नेमून दिलेल्या वकिलावर कोणता पक्षकार भरवसा ठेवील? मुंबई प्रांतात एकत्रित मताची पद्धत होती, म्हणजे अनेक जागांच्या मतदारसंघात मतदाराला त्याची सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत. १९३७ चे यश समजून घेताना हा तपशील सुटता कामा नये.

स्वतंत्र भारतात ती पद्धत राहिली नाही. १९५२ साली मुंबई उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका येत आणि प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे. दोन्ही मते एकाच पेटीत टाकली तर त्यांतले एक बाद होई. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांनी आंबेडकरांचा साधारण साडेचौदा हजार मतांनी पराभव केला, आणि बाद झालेल्या मतांची संख्या सत्तर हजारांहून अधिक होती. विरोधकांनी मते ‘कुजवण्याचा’, म्हणजे दुसरे मत मुद्दाम वाया घालवण्याचा, प्रचार केला, असा आक्षेप घेऊन आंबेडकर आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणुकीच्या निकालाविरुद्ध अर्ज केला. तो फेटाळला गेला.

ज्या व्यवस्थेपुढे ते अर्जदार म्हणून गेले, तिची चौकट त्यांनीच मांडली होती. मूळ मसुद्यात राज्यांसाठी वेगळे निवडणूक आयोग होते. काही प्रांतांत वेगळ्या वंशाच्या किंवा भाषेच्या लोकांना मतदारयादीतून वगळले जात असल्याचे कळल्यावर, जून १९४९ मध्ये त्यांनी सर्व निवडणुकांसाठी एकच केंद्रीय आयोग सुचवला. त्याच चर्चेत त्यांनी एक उणीवही कबूल केली: आयुक्ताला सहज काढता येणार नाही अशी तजवीज केली तरी मुळात मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाऊ नये यासाठी काहीच तजवीज नाही. नेमणुकीचा कायदा संसदेने करावा, एवढी जागा कलमात ठेवली गेली. तो कायदा होण्यास डिसेंबर २०२३ उजाडावे लागले, आणि तोही त्या वर्षीच्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यानंतर.

१९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आंबेडकर पुन्हा उभे राहिले. तोही दोन जागांचाच मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर आंबेडकर हरले. दोन जागांचे मतदारसंघ संसदेने १९६१ साली कायदा करून बंद केले, तेव्हा त्यांच्या निधनाला चार वर्षे उलटून गेली होती.