थ्री किती मारावेत? एका आकड्यामागची पार्श्वभूमी

1979-80 च्या हंगामात एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला एक संघ एका सामन्यात सरासरी 2.8 वेळा तीन गुणांच्या रेषेबाहेरून, म्हणजे जिथून दोनऐवजी तीन गुण मिळतात तिथून, चेंडू फेकत असे. अशा शॉटलाच थ्री म्हणतात. 2024-25 च्या हंगामात हाच आकडा 37.6 वर पोहोचला. या काळात रिंगची उंची बदलली नाही, चेंडू बदलून गेला असेही नाही, आणि मधली तीन वर्षे वगळली तर रेषाही आखली होती तिथेच आहे. मग तेव्हाच्या प्रशिक्षकांना साधे गणित कळत नव्हते का, असा प्रश्न आज सर्रास विचारला जातो. प्रश्न योग्य आहे, पण तो चुकीच्या पिढीला विचारला जातो, असे आकडे क्रमाने लावून पाहिल्यावर दिसते.

रेषेची कल्पना एनबीएची नव्हे. फेब्रुवारी 1945 मध्ये कोलंबिया आणि फोर्डहॅम या विद्यापीठांच्या सामन्यात 21 फुटांवर रेषा आखून एक प्रयोग झाला आणि तिथेच विरला. 1961 मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचे सर्वेसर्वा एब सेपरस्टाइन यांनी अमेरिकन बास्केटबॉल लीग काढली आणि तिच्यात तीन गुणांची रेषा आणली, परंतु दुसरा हंगाम पूर्ण होण्याआधीच ती लीग बंद पडली. 1967 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनने, म्हणजे एबीएने, ही कल्पना उचलली, आणि तिचे पहिले आयुक्त होते जॉर्ज मायकन. हा योगायोग मोठा गमतीचा आहे. मायकन खेळाडू असताना रिंगच्या जवळ उभे राहून इतके सहज गुण मिळवत, की त्यांना आवरण्यासाठी 1951 मध्ये एनबीएने रिंगखालचा पट्टा 6 फुटांवरून 12 फूट रुंद केला होता. उंच खेळाडूंच्या सद्दीचे प्रतीक असलेल्या माणसाने लांबून नेम धरणाऱ्या बुटक्या खेळाडूंना जास्तीचा एक गुण मिळवून दिला. एबीएचे चार संघ 1976 मध्ये एनबीएत सामील झाले, तरी रेषा यायला आणखी तीन वर्षे लागली.

12 ऑक्टोबर 1979 रोजी बॉस्टन सेल्टिक्सच्या ख्रिस फोर्डने ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्ध मारलेला थ्री एनबीएतील पहिला मानला जातो. त्या पहिल्या हंगामात थ्रीची अचूकता होती 28 टक्के. म्हणजे 100 प्रयत्नांमागे 84 गुण. याच हंगामात दोन गुणांचे प्रयत्न 49 टक्क्यांच्या आसपास यशस्वी होत होते, म्हणजे 100 प्रयत्नांमागे 97 ते 98 गुण. हे दोन आकडे समोर असलेल्या प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूला रेषेबाहेरून चेंडू फेकू नकोस असे बजावले असेल, तर त्याचा हिशेब चोख होता. खेळाडू लहानपणापासून त्या अंतरावरून सराव करून आलेले नव्हते. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने, 1984 मध्ये 6.25 मीटरवर रेषा आखली आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलमध्ये ती 1986-87 मध्ये आली, त्यामुळे रेषेसह वाढलेली पिढी एनबीएत पोहोचायला नव्वदचे दशक उजाडणारच होते. 1986 मध्ये ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या, सप्ताहातील पहिली थ्रीची स्पर्धा जिंकणारा लॅरी बर्ड याने त्या संपूर्ण हंगामात 194 थ्री फेकले आणि त्यांतील 82 यशस्वी झाले. तेवढ्यावर तो त्या वर्षी थ्रीच्या बाबतीत एनबीएत अव्वल ठरला होता.

महाविद्यालयीन खेळात मात्र एका प्रशिक्षकाने पहिल्याच वर्षी ही संधी हेरली. रिक पिटिनो यांच्या प्रॉव्हिडन्स संघाने थ्रीवर भिस्त ठेवून 1987 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. याहून टोकाचा प्रयोग आयोवा राज्यातील ग्रिनेल या छोट्या महाविद्यालयात झाला. तिथले प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनो यांनी संघाला चक्क आकडेच ठरवून दिले होते: एका सामन्यात 94 शॉट घ्यायचे आणि त्यांतले निम्मे रेषेबाहेरून. 20 नोव्हेंबर 2012 रोजी याच संघाच्या जॅक टेलरने एका सामन्यात 138 गुण केले. त्यासाठी त्याने एकट्याने 108 शॉट घेतले, त्यांपैकी 71 थ्री होते आणि त्यांतील 27 यशस्वी झाले. मोठ्या स्तरावरच्या प्रशिक्षकांनी याकडे तमाशा म्हणून पाहिले आणि ते स्वाभाविक होते. पण ‘किती मारावेत’ या प्रश्नाला सामन्याआधीच कागदावर उत्तर लिहून ठेवणारा संघ म्हणून ग्रिनेलची नोंद घ्यावी लागते.

एनबीएत पहिली मोठी उडी प्रशिक्षकांच्या बुद्धीमुळे नव्हे, तर खडूची रेघ पुढे सरकवल्यामुळे झाली. रिंगसमोर 23 फूट 9 इंच, म्हणजे 7.24 मीटरवर असलेली रेषा गुणसंख्या वाढावी म्हणून 1994-95 मध्ये सगळीकडून 22 फुटांवर, म्हणजे 6.71 मीटरवर आणली गेली. प्रत्येक संघाचे दर सामन्यातील प्रयत्न एका वर्षात 9.9 वरून 15.3 वर गेले आणि अचूकता 33.3 वरून 35.9 टक्के झाली. तीन हंगामांनंतर रेषा पुन्हा मागे नेली, तेव्हा प्रयत्न 12.7 पर्यंत खाली आले. वरवर पाहता गाडी मूळ पदावर आली. परंतु अचूकता मूळ पदावर आली नाही. 1997-98 मध्ये जुन्याच लांब अंतरावरून ती 34.6 टक्के होती. म्हणजे 100 थ्रीमागे जवळजवळ 104 गुण. त्याच हंगामात दोन गुणांच्या 100 प्रयत्नांमागे मिळत होते 94.

खरा प्रश्न विचारायचा तर इथे. 100 प्रयत्नांमागे दहा गुणांचा फरक उघड दिसत असताना पुढच्या चौदा वर्षांत सरासरी प्रयत्न 12.7 वरून केवळ 18.4 पर्यंत गेले. 1979 च्या प्रशिक्षकांना हसणाऱ्यांनी खरे तर 1998 ते 2012 या काळातील प्रशिक्षकांना जाब विचारायला हवा. त्यांच्या बाजूने थोडे सांगता येते. बचाव करणाऱ्याने हाताने रेटून चेंडू असलेल्या खेळाडूची वाट अडवण्याला 2004 पर्यंत बऱ्यापैकी मोकळीक होती, त्यामुळे आत मुसंडी मारून बाहेर पास देणे आजच्याइतके सोपे नव्हते. 2001 मध्ये झोन बचावाला, म्हणजे ठरावीक खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखण्याला, परवानगी मिळाल्यावर एकाच उंच खेळाडूच्या हाती चेंडू देऊन इतरांनी बाजूला उभे राहण्याचा खेळ हळूहळू अवघड होत गेला. तरीही यातले बरेचसे कारण निव्वळ सवय हेच होते. चुकलेला थ्री उतावीळपणा वाटायचा आणि दोन बचावपटूंच्या हातांवरून मारलेला, चुकण्याचीच शक्यता अधिक असलेला 18 फुटांवरचा शॉट मात्र कसलेल्या खेळाडूचे लक्षण समजला जायचा.

सवय मोडण्याची सुरुवात मैदानाच्या कोपऱ्यातून झाली. एनबीएचे मैदान 50 फूट रुंद आहे. रेषेचा कमान असलेला भाग पूर्ण ठेवला असता तर कोपऱ्यात उभे राहायला जागाच उरली नसती, म्हणून दोन्ही कडांना रेषा सरळ करून रिंगपासून 22 फुटांवर ठेवली आहे. तिथे रेषा आणि मैदानाची कड यांच्यामध्ये अवघी 3 फुटांची पट्टी उरते. या पट्टीत उभा राहणारा खेळाडू पास येण्याआधीच पाय जुळवून ठेवतो, कारण टाच जरा मागे गेली तर चेंडू बाहेर धरला जातो आणि बुटाचे टोक पुढे गेले तर तिसरा गुण जातो. अंतर पावणेदोन फुटांनी कमी आणि मोबदला मात्र तेवढाच. हिशेबी संघांनी आधी हा कोपरा उचलला. त्याच सुमारास प्रशिक्षक माइक डी'अँटोनी यांच्या फीनिक्स सन्सने 2004-05 मध्ये चेंडू हाती येताच धावत सुटण्याचा आणि वाटेतच थ्री मारण्याचा धडाका लावून 62 सामने जिंकले. विजेतेपद मिळाले नाही, त्यामुळे असा खेळ हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, चालत नाही, हा समज आणखी दहा वर्षे तग धरून राहिला.

तो समज गोल्डन स्टेट वॉरियर्सने पुसला. 2015-16 मध्ये त्यांच्या स्टीफन करीने 886 थ्री फेकले आणि 402 यशस्वी केले. बर्डच्या अव्वल हंगामातील प्रयत्नांच्या दुपटीहून अधिक हे नुसते यशस्वी थ्री होत. करीमुळे सगळे बदलले असे म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती अर्धीच खरी आहे. करी हा अपवाद होता, आणि अपवादाकडे बघून सामान्य संघाने आपला आकडा ठरवता येत नाही. सामान्य नेमबाजांना घेऊन आकडा कुठवर ताणता येतो, हे दाखवले ह्यूस्टन रॉकेट्सने. डॅरिल मोरे यांच्या व्यवस्थापनाखाली या संघाने मध्यम अंतराचे शॉट जवळपास बादच केले. 2017-18 मध्ये त्यांनी दर सामन्यात 42.3 थ्री फेकले, म्हणजे दोन गुणांच्या प्रयत्नांपेक्षाही जास्त, आणि 65 सामने जिंकले. पुढे 28 मे 2018 रोजी वॉरियर्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात मध्यंतराला ते 11 गुणांनी पुढे होते, पण त्या सामन्यात त्यांचे सलग 27 थ्री चुकले. एकूण 44 पैकी 7 यशस्वी, आणि 92-101 असा पराभव. प्रत्येक शॉट 35 टक्के यशस्वी होतो असे धरले तर सलग 27 चुकण्याची शक्यता लाखात जेमतेम एक निघते. अर्थात दमलेल्या पायांचा आणि जायबंदी झालेला त्यांचा खेळाडू ख्रिस पॉल याच्या अनुपस्थितीचा हिशेब या गणितात येत नाही.

रॉकेट्स हरले म्हणून कोणी मागे फिरले नाही. उलट सगळेच त्या वाटेने निघाले आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. थ्रीची अचूकता वाढली नाही. ती आजही 36 टक्क्यांच्या आसपास आहे. वाढली ती दोन गुणांच्या प्रयत्नांची अचूकता. पाचही जण रेषेबाहेर उभे राहू लागल्याने बचाव फाकला आणि रिंगखाली वाट मोकळी झाली. शतकाच्या सुरुवातीला 46-47 टक्के असलेला हा आकडा 2024-25 मध्ये 54 च्या पुढे गेला. आता 36 टक्क्यांना तिप्पट करा आणि 54 टक्क्यांना दुप्पट करा. दोन्हीकडे 100 प्रयत्नांमागे 108 येतात. 1998 मधला दहा गुणांचा फरक आता उरलेला नाही.

म्हणून सरासरीवर बोट ठेवून आणखी थ्री मारा किंवा कमी मारा असे सांगणे आता फारसे कामाचे नाही. संघाने पाहायचे ते पुढच्या एका शॉटकडे. मोकळ्या खेळाडूला मिळालेला चाळिसावा थ्री आणि त्याऐवजी मिळू शकणारा दुसरा शॉट यांत अधिक काय देते, फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरचा बिनअडथळ्याचा शॉट, मिळण्याची शक्यता कुठे जास्त आहे, चुकलेला चेंडू कोणाच्या हाती पडेल, एवढे त्यात येते, आणि याचे उत्तर प्रत्येक संघाच्या खेळाडूंप्रमाणे वेगळे निघते.

या आकड्याचे दुसरे अंग म्हणजे चढउतार. 36 टक्के अचूकतेच्या संघाने 60 थ्री मारले तर साधारण 22 यशस्वी व्हावेत, पण केवळ नशिबाच्या फेऱ्याने कधी 15 तर कधी 29 होतात. हे दोन्ही आकडे बॉस्टन सेल्टिक्सने एकाच हंगामात, एकाच मैदानावर, एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर पाहिले. दर सामन्यात 48.2 थ्री मारून त्यांनी त्या वर्षी उच्चांक केला होता. 22 ऑक्टोबर 2024 रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात त्यांनी 61 पैकी 29 थ्री यशस्वी करून एनबीएच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि विक्रम मोडणाऱ्या तिसाव्यासाठी सलग 13 वेळा प्रयत्न करूनही तो काही पडला नाही. सामना 132-109 असा खिशात होता, त्यामुळे ती एक गंमतच ठरली. पुढच्या मे महिन्यात प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत पुन्हा निक्सच आले. पहिल्या सामन्यात 60 पैकी 15, दुसऱ्यात 40 पैकी 10. दोन्ही सामन्यांत सेल्टिक्स 20 गुणांनी पुढे होते. पहिला ते जादा वेळेत 105-108 असा हरले आणि दुसरा 90-91 असा.