मिंग समाध्या : आपल्या बीजिंग सहलीतील अर्धा दिवस

‘बस थेट समाधीच्या दारात का नेत नाही?’ असं आमच्या सहलीत बरेच जण विचारतात. कारण इथलं खरं शिल्प वाटेवरच आहे.

बीजिंगच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत चीनच्या मिंग घराण्याचे १३ सम्राट विसावले आहेत. योंगले सम्राटाने १४०९ मध्ये स्वतःसाठी ‘चांगलिंग’ ही समाधी बांधायला घेतली, ती पहिली. तिच्याकडे जाणारा सुमारे ७ किलोमीटरचा ‘शेनदाओ’, म्हणजे आत्म्याचा मार्ग, पुढे सगळ्यांचाच झाला. सम्राटाची अंत्ययात्रा इथून जायची.

आधी १५४० ची संगमरवरी कमान, मग लाल महाद्वार, मग शिलालेखाचा मंडप. शिलालेख पाठीवर पेलणारा प्राणी कासवासारखा दिसतो. चिनी समजुतीनुसार तो ड्रॅगनचा मुलगा, बीशी.

पुढे दुतर्फा ३६ मूर्ती, प्रत्येक अखंड दगडातली. इथे घाई करू नका. सिंह, उंट, हत्ती, घोडे आणि छिलिन व श्येझी हे दोन काल्पनिक प्राणी असे एकूण २४. श्येझी खरा-खोटा ओळखतो म्हणतात. प्रत्येक प्राण्याच्या चार मूर्ती, दोन बसलेल्या नि दोन उभ्या. मध्यरात्री ते पहाऱ्याची पाळी बदलतात, अशी लोककथा आहे. नंतरचे १२ सेनानी आणि दरबारी मात्र सगळे उभेच. सेनानींचं चिलखत जवळून पाहा, कडी न् कडी कोरलेली आहे.

चांगलिंगचं लिंगअन सभागृह आम्हाला सर्वांत आवडतं. नानमू लाकडाचे ६० खांब, मधले ३२ तर १२ मीटरहून उंच, आणि त्यांवर रंगाचा हात नाही. एवढे ओंडके नैर्ऋत्येच्या जंगलांतून आणले होते. मागची समाधीची टेकडी आजवर कुणी उघडलेली नाही.

उघडली ती वानली सम्राटाची ‘डिंगलिंग’. १९५६ मध्ये तिचं उत्खनन सुरू झालं. जमिनीखाली सुमारे २७ मीटरवर पाच दालनं, सगळी दगडी कमानींची, एकही खांब वा तुळई नाही. आतल्या लाल पेट्या प्रतिकृती आहेत, हे आधीच सांगतो. बाहेर काढलेली रेशमी वस्त्रं पुढे खराब झाली, त्यामुळे इतर सम्राटांच्या समाध्या खणायचं थांबलं.

डिंगलिंगमध्ये जिने भरपूर आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर नोंदणी करतानाच सांगा. त्या वेळात तुम्हाला चांगलिंगच्या सभागृहात निवांत बसता येईल.