बटाट्यातला आडसाली

कोल्हापुरात उसाचं गणित कुणाला शिकवावं लागत नाही. सुरू ऊस वर्षभरात तुटतो, आडसाली सोळा-अठरा महिने रान अडवून उभा राहतो आणि जाताना वजनात सगळं फेडून जातो. बटाट्यातही असे आडसाली आहेत. लवकर येणाऱ्या जाती ७०-८० दिवसांत काढता येतात, उशिरा येणाऱ्या ११० ते १२० दिवस घेतात, कधी त्याहूनही जास्त. त्यांतली जुनी आणि माझी आवडती जात म्हणजे कुफरी सिंदुरी. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९६७ मध्ये ती प्रसारित केली. तांबूस साल, गोल कंद, घरात ठेवला तर बऱ्यापैकी टिकणारा. कुफरी हे सिमल्याजवळचं गाव, संस्थेच्या जातींना ते घराण्याच्या नावासारखं लागतं.

करवीर तालुक्यात नदीकाठी मामांचं रान आहे. तिथे मी पहिल्यांदा सिंदुरी लावली ती नोव्हेंबर सरता सरता. परतीचा पाऊस लांबला होता, मळीच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या रानाला वाफसा (मशागतीजोगी ओल) येत नव्हता, आणि जात उशिराची आहे तर चार आठवडे मागंपुढं झाले म्हणून काय बिघडतं, असं मला वाटलं. पाला गुडघ्याच्या वर गेला, हिरवागार. मार्चच्या मध्यावर सरी फोडली तेव्हा बहुतेक कंद लिंबाएवढे निघाले. एक अजून डोळ्यापुढे आहे: मूळचा कंद सुपारीहून थोडा मोठा, त्याच्या दोन डोळ्यांतून दोन टेंगळं फुटलेली, आणि एका टेंगळाच्या टोकाला पांढरा कोंब. मामांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, “उशिरा येतंय म्हणून उशिरा लावायचं असतंय व्हय?”

उशिराच्या बटाट्याबद्दल शिकायचं ते सगळं या एका वाक्यात आहे. ज्याला जास्त दिवस लागतात त्याला रानात सगळ्यांच्या आधी जागा मिळाली पाहिजे. का, ते समजून घ्यायचं तर बटाटा कधी धरायचा हे झाड कसं ठरवतं, तिथून सुरुवात करावी लागते.

बटाटा हे मूळ नाही, ते जमिनीखालचं खोड आहे, म्हणून तर त्याला डोळे असतात. खोडाच्या बुडातून पांढऱ्या, दोरीसारख्या आडव्या फांद्या मातीत शिरतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटा होतो. मात्र टोकाने फुगायचं की नुसतंच पुढे सरकायचं, हे ठरतं वर, पानांत. रात्र पुरेशी लांब आणि थंड असली की पानांत एक प्रथिन तयार होतं, ते रसवाहिन्यांतून खाली उतरतं आणि टोकापाशी पोचलं की तिथं साखर साठू लागते, तिचं पिठूळ स्टार्च होतं. या प्रथिनाची ओळख २०११ मध्ये पटली. ते फुलं धरायला लावणाऱ्या प्रथिनाचंच भावंड निघालं. त्याचा सुगावा मात्र बऱ्याच आधी लागला होता. मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बटाट्याच्या बुंध्यावर तंबाखूचं कलम केलं होतं. हा प्रयोग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या तंबाखूला फुलायची वेळ आली, तशी खालच्या बटाट्याने कंद धरले. निपाणीच्या बाजूला तंबाखूची रानं पाहिलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटल्याशिवाय राहत नाही. वांगं, टोमॅटो, मिरची, तंबाखू आणि बटाटा एकाच कुळातले, त्यामुळे एकाचा निरोप दुसऱ्याला कळतो.

लवकरच्या आणि उशिराच्या जातींतला मुख्य फरक हा निरोप किती लवकर निघतो यात आहे. २०१३ मध्ये एका जनुकावर बोट ठेवता आलं. त्या जनुकापासून होणारं प्रथिन कंद धरायच्या निरोपावरचा अडसर काढतं. दिवस मोठा असला तर झाड हे प्रथिन मोडून टाकतं. लवकरच्या जातींत त्याचं शेपूट तुटकं असतं, त्यामुळे ते मोडलं जात नाही आणि निरोप सुटतो. उशिराच्या जातींत ते अखंड असतं, म्हणून झाड वाट पाहत राहतं आणि तोवर पाला वाढवतं. युरोपात, जिथे जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा असतो, तिथे हा फरक फार जाणवतो. कोल्हापुरात डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचाच. म्हणजे दिवस आपल्याला आडवा येत नाही. आडवी येते ती रात्रीची ऊब. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहू लागलं की कंद धरायचा निरोप क्षीण होतो, आणि पानांनी दिवसा कमावलेली साखर झाड रात्री श्वसनातच खर्चून टाकतं.

आता माझ्या चुकीचा हिशेब मांडा. नोव्हेंबरअखेर लावलेल्या सिंदुरीने जानेवारीच्या मध्याला कंद धरले. पोसायचे दिवस आले फेब्रुवारी-मार्चचे, जेव्हा आपल्याकडे दुपारी ऊन चटके देतं. उन्हाने कंदाची वाढ थांबली, मी घाबरून भरपूर पाणी दिलं, आणि थांबलेला कंद पुन्हा वाढताना सरळ न फुगता डोळ्यांतून फुटला. ती टेंगळं रोगाची नव्हती, थांबून पुन्हा चालू झालेल्या वाढीची होती.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा पकडला. मळी सोडली आणि वरच्या अंगाचं, पाणी धरून न ठेवणारं तांबडं रान घेतलं. ऑक्टोबरची जमीन अजून गरम असते, तीत कापलेलं बेणं सडतं, म्हणून साधारण ४० ग्रॅमचे अख्खे बटाटे लावले. त्याआधी ते दोन-तीन आठवडे सोप्यात, थेट ऊन नाही पण उजेड आहे अशा ठिकाणी एकेरी थरात पसरून ठेवले. अंधारात कोंब लांब, पांढरे आणि मोडके येतात. उजेडात ते बोटाच्या पेराहून आखूड, जाड आणि जांभळट राहतात. असं बेणं लवकर उगवून येतं आणि थंडीचे मोलाचे दिवस वाचतात.

सरीतलं अंतर दोन फूट, कारण या जातीचा पाला पसरतो. लावणीनंतर वरंब्यावर पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचा पातळ थर दिला. याच सुमाराला आपल्याकडे ऊसतोडी सुरू होतात, त्यामुळे पाचट मागावं तिथं मिळतं. ते जाळण्यापेक्षा बटाट्यावर घालावं, असं मी सगळ्यांना सांगत असतो. माती थंड राहते, ओल टिकते. महिन्याभराने भर लावताना पाचट बाजूला सारायचं, माती चढवायची आणि पुन्हा झाकायचं.

युरियाच्या बाबतीत मात्र उसाची सवय इथे घातक आहे. नत्र जास्त झालं की तोच निरोप पुन्हा दबतो. उशिराची जात मुळात पाल्याकडे ओढ घेणारी, तिला आणखी नत्र म्हणजे आणखी पाला. दुसरा हप्ता भर लावतानाच द्यावा, त्यानंतर कितीही मोह झाला तरी नाही. उसात आंतरपीक म्हणून बटाटा घेणाऱ्यांनी सिंदुरी घेऊ नये हे माझं स्पष्ट मत आहे. उसाच्या मोठ्या बांधणीची, म्हणजे बुडाला माती चढवायची वेळ येते तेव्हा ती अजून पोसत असते. तिथे लवकरच्या जातीच बऱ्या.

पाणी थोडं आणि नेमानं. करपा या रोगासाठी नदीकाठच्या धुक्याच्या सकाळी पानाची खालची बाजू पाहायची. ओलसर डागाभोवती पांढुरकी लव दिसली तर तो उशिराचा करपा. त्याला आपण बुरशी म्हणतो, पण त्याचं नातं बुरशीपेक्षा समुद्री शेवाळाशी जवळचं आहे. १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा यानेच नासवला. उशिराच्या जाती याला साधारणपणे जरा चिवट असतात, पण शेवटच्या महिन्यात पान गेलं तर इतके दिवस थांबल्याचा फायदाच जातो, कारण सगळं वजन तेव्हाच भरतं. फेब्रुवारीत ऊन वाढलं की बटाट्याची पाकोळी उघड्या कंदावर अंडी घालते, तेव्हा वरंब्याला भेग दिसली की लगेच माती ओढायची. उघडा कंद उजेडाने हिरवाही होतो. त्यात सोलानिन हे विष वाढतं, आणि ते शिजवूनही जात नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला पाणी तोडलं, पाला कापला आणि दहा दिवस कंद मातीतच ठेवले. मग एक काढून अंगठ्याने साल घासून पाहिली. सुटली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन वर यायच्या आत, काढणी धरली.

घरी मामींनी एका पातेल्यात ११ वाट्या पाण्यात वाटीभर मीठ विरघळवलं. स्टार्च भरलेला बटाटा अशा पाण्यात बुडतो, पाणचट तरंगतो. बाजारातून आणलेले तीन सोडले, तिन्ही वर आले. मग आमची सिंदुरी सोडली. ती सरळ तळाला गेली. “हा कटवड्याला,” मामी म्हणाल्या आणि पाटी घेऊन आत गेल्या.