'या अक्षरांचे शब्द' आणि 'ही अक्षरं असलेले शब्द'

भाचीच्या इंग्रजीच्या वहीत गृहपाठ होता: सी, ए, टी ही अक्षरं वापरून शब्द लिहा. तिने कॅट, ॲक्ट, ॲट लिहिलं आणि तिथेच अडकली. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने मात्र टीच, ट्रॅक, चार्ट, कॅच, ॲक्टर अशी रांग लावली. दोघींचं बरोबर होतं, कारण दोघी दोन वेगळे प्रश्न सोडवत होत्या. घोळ होता तो 'वापरून' या शब्दात.

भाचीच्या लेखी ती तीन अक्षरं म्हणजे घरातलं सामान होतं. आहे तेवढ्यात भागवायचं, बाहेरून काही आणायचं नाही. थोडं उरलं तरी चालेल. मैत्रिणीच्या लेखी ती अट होती. तिन्ही अक्षरं शब्दात हवीतच, सोबत आणखी कितीही आली तरी हरकत नाही.

फरक नीट दिसतो तो आणखी एक अक्षर दिल्यावर. समजा आर दिलं. भाचीच्या यादीत लगेच कार, रॅट, आर्ट, कार्ट येऊन बसतात. मैत्रिणीच्या यादीतून टीच आणि कॅच गळतात; ट्रॅक, चार्ट, ॲक्टर तेवढे राहतात. म्हणजे अक्षर वाढलं की पहिली यादी फुगते आणि दुसरी आटते. आपल्यापुढे यांतला कुठला प्रश्न आहे हे ओळखायला मला यापेक्षा सोपी खूण माहीत नाही.

स्क्रॅबल, म्हणजे हातातल्या अक्षरांच्या टाइल्स पटावर मांडून शब्द बनवायचा खेळ, हा पहिल्या प्रश्नाचा. अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने 1930च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून तो रचला. इंग्रजी संचात 100 टाइल्स असतात. त्यांत ई तब्बल 12, तर क्यू एकच, आणि त्याचे गुण 10. हातात एका वेळी सात टाइल्स. सातही अक्षरं वेगवेगळी असली, तर त्यांतून दोन किंवा जास्त अक्षरांचे गट 120 पडतात, पण क्रमही धरला तर मांडण्या होतात 13,692. एवढ्या मांडण्या तपासत कोण बसणार? म्हणून जुनी युक्ती अशी, की शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं आधी वर्णक्रमाने लावून ठेवायची. स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स हे सहाही शब्द मग 'ओ-पी-एस-टी' या एकाच कप्प्यात सापडतात. 120 कप्पे उघडले की काम झालं. संगणकाला हे क्षणात जमतं.

दुसऱ्या प्रश्नाला ही युक्ती पुरत नाही, कारण शब्दात आणखी कुठली अक्षरं येतील हे आधी ठाऊक नसतं. तिथे चाळणी लावावी लागते: आधी सी असलेले शब्द, त्यांतले ए असलेले, त्यांतले टी असलेले. सुरुवात दुर्मीळ अक्षरापासून करावी. क्यू असेल तर पहिल्याच चाळणीत बहुतेक शब्दकोश बाजूला पडतो.

इथे मराठी कानाची एक खास अडचण येते. आपण इंग्रजी शब्द मनात देवनागरीत ऐकतो, आणि देवनागरी उच्चार लिहिते. 'लिसन'मध्ये टी ऐकू येत नाही, पण स्पेलिंगमध्ये आहे. म्हणूनच 'लिसन' आणि 'सायलेंट' यांची सहाही अक्षरं सारखी निघतात. 'हार्ट' आणि 'अर्थ' यांचंही तेच. आणि 'एज्युकेशन'च्या पोटात सी-ए-टी, म्हणजे अख्खी 'कॅट', सलग बसली आहे, हे कानाला कधीच कळणार नाही. 'लोकेशन' आणि 'व्हेकेशन'मध्येही ती आहे. त्यामुळे असे शब्द शोधताना ते मनात न उच्चारता कागदावर एकेक अक्षर लिहावेत, असं मी आग्रहाने सांगेन. जाता जाता आणखी एक: 'ॲक्टर'मध्ये तिन्ही अक्षरं आहेत, पण सी-ए-टी अशी सलग नाहीत. काही शोधयंत्रं 'असलेले' म्हणजे 'सलग असलेले' असं धरतात, तेव्हा आधी एखादा ओळखीचा शब्द टाकून पाहावं.

वर्डल, म्हणजे लपवलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द अंदाजाने ओळखायचा खेळ, हा दुसऱ्या प्रश्नाचा. जॉश वॉर्डल यांनी तो 2021 मध्ये सर्वांसाठी खुला केला आणि 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. आपल्या अंदाजातली ए, आर, टी पिवळी झाली म्हणजे ती त्या शब्दात आहेत, फक्त जागा चुकली आहे. पुष्कळ जण तेव्हा याच तीन अक्षरांची उलटसुलट मांडणी करत बसतात. खरा शोध उरलेल्या दोन अक्षरांचा असतो: ट्रेड, पार्टी, स्टार्ट, हार्ट.

त्याच वर्तमानपत्राच्या 'स्पेलिंग बी' या कोड्यात मात्र दोन्ही प्रश्न एकत्र येतात. अक्षरं सात, बाहेरचं एकही चालत नाही, मधलं अक्षर हवंच आणि शब्द किमान चार अक्षरी. समजा मध्ये टी आहे आणि भोवती सी, ई, आर, ए, आय, एन. 'राइस' बाद, कारण त्यात टी नाही. 'चार्ट' बाद, कारण त्यात एच आहे. 'सर्टन'मध्ये सातही अक्षरं येतात. इथे एकच अक्षर पुन्हापुन्हा वापरता येतं, म्हणून तीन टी आणि दोन ए असलेला 'अट्रॅक्ट'ही या नियमांत बसतो. स्क्रॅबलमध्ये हीच सात अक्षरं हातात असती, तर फक्त त्यांच्यातून तो मांडताच आला नसता.