जुन्या मुंबईच्या फोटोंतली माणसं गेली कुठे?

१८६०-७० च्या सुमारास काढलेले मुंबईचे फोटो पाहताना आधी नजरेत भरतो तो शुकशुकाट. लख्ख ऊन, रुंद रस्ता, नवीकोरी दगडी इमारत आणि चिटपाखरू नाही. मग ‘तेव्हाची मुंबई किती निवांत होती!’ असं कौतुक सुरू होतं. पण रस्त्यावर वर्दळ होतीच. ती काचेवर उमटली नाही, एवढंच.

फोटोकलेने मुंबईत लवकर मूळ धरलं. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः नावाजलेले छायाचित्रकार. त्या काळी चलती होती फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीची. काचेवर कलोडियनचा, म्हणजे ईथर मिसळलेल्या एका चिकट द्रवाचा थर पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची. थर वाळला की काच निकामी. त्यामुळे रसायनांच्या बाटल्या आणि अंधाराचा तंबू घेऊनच बाहेर पडावं लागे. मुंबईच्या उकाड्यात, जिथे ईथर भराभर उडून जातं, हे काम किती जिकिरीचं असेल!

एवढं करूनही काच मंदच. इमारतीचा फोटो घ्यायला काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही लेन्स उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात चालता माणूस एका जागी क्षणभरच असतो. त्याच्या अंगावरून आलेला प्रकाश काचेवर कुठेच पुरेसा साठत नाही. मागच्या भिंतीचा मात्र साठत राहतो. म्हणून भिंत उरते, माणूस पुसला जातो. मूळ प्रिंट भिंगाखाली धरा. थांबलेल्या गाडीची चाकं रेखीव दिसतील, पण बैलाने मान हलवली असेल तर धड स्पष्ट आणि डोक्याच्या जागी नुसता धूसर फराटा.

आकाशाचंही तसंच. ही काच निळ्या रंगाला फार संवेदनशील, लाल-पिवळ्याला जवळपास आंधळी. त्यामुळे निळं आकाश पांढरंफटक येई, तर कौलं काळपट. ढग हवेत म्हणून काही जण दुसऱ्याच निगेटिव्हमधले ढग वर छापत. म्हणजे इमारत एका दिवसाची, आभाळ भलत्याच दिवसाचं!

फोटोखाली लिहिलेल्या सालावरही विसंबू नये. स्टुडिओ एकाच निगेटिव्हवरून वर्षानुवर्षे प्रती काढून विकत, त्यामुळे ते साल विक्रीचंही असू शकतं. त्यापेक्षा चित्रातच शोधावं. घोड्यांची ट्राम दिसली तर फोटो १८७४ नंतरचा. विजेची असेल तर १९०७ च्या आधीचा नाहीच. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. ताजमहाल हॉटेल उभं आहे, पण समोर गेटवे ऑफ इंडिया नाही, असा फोटो हाती आला तर तो १९०३ ते १९२४ च्या दरम्यानचा समजावा, मग मागे पेन्सिलीने काहीही लिहिलेलं असो.