पालकातलं कॅल्शियम जातं कुठे?

पालक विरुद्ध कोबी असे तक्ते हल्ली सारखे फॉरवर्ड होत असतात. एका बाजूला हिरवागार पालक, दुसऱ्या बाजूला बिचारा फिकट कोबी, आणि खाली निकाल: पालक जिंकला. आकडे तसे खोटे नसतात. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ९९ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, कोबीत ४०. लोह पालकात २.७, कोबीत जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. फोलेट, व्हिटॅमिन के, बीटा कॅरोटीन सगळ्यात पालक बराच पुढे, व्हिटॅमिन सी तेवढं कोबीत जास्त.

पण भाजीत किती आहे आणि त्यातलं रक्तात किती पोचतं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तक्त्यात फक्त पहिली असते.

पालक खाल्ल्यावर दातांवर एक खरखरीत थर आल्यासारखं वाटतं ना, ते ऑक्झलेटचं काम, म्हणजे पालकाच्या पानात भरपूर असणाऱ्या एका रसायनाचं. ऑक्झलेट आयनवर दोन ऋण भार, कॅल्शियमवर दोन धन, त्यामुळे दोघं भेटले की घट्ट चिकटतात आणि कॅल्शियम ऑक्झलेट तयार होतं, जे लिटरभर पाण्यात मोजकेच मिलिग्रॅम विरघळतं. पानाच्या पेशींमधे त्याचे स्फटिक आधीपासून बनलेले असतात. जठरातल्या ॲसिडमधे त्यातले थोडे विरघळतात, पण लहान आतड्यात ॲसिड मारलं जातं आणि जोडी परत जमते. कॅल्शियम शोषलं जायचं ते मुख्यतः तिथेच, आणि नेमकं तिथेच ते अडकून पडतं.

आता थोडा हिशोब, शाळेतली केमिस्ट्री पुरते. कॅल्शियमचं अणुवस्तुमान ४०, ऑक्झलेटचं वस्तुमान ८८, जोडी एकास एक. म्हणजे ९९ मिलिग्रॅम कॅल्शियम अडवायला सुमारे २१८ मिलिग्रॅम ऑक्झलेट पुरे, आणि १०० ग्रॅम पालकात ते बऱ्याचदा ६०० च्या वर असतं! सगळं कॅल्शियम बांधूनही उरतंच. १९८८ साली कॅल्शियमचे खुणेचे (म्हणजे शरीरात माग काढता येईल असे) अणू घालून वाढवलेला पालक लोकांना खायला देऊन मोजलं तेव्हा त्यातलं फक्त ५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम शोषलं गेलं, दुधातलं मात्र २७ टक्क्यांच्या पुढे.

कोबीत ऑक्झलेट अगदी कमी, त्यामुळे निम्मं शोषलं जातं असं धरलं तरी ४० पैकी २० मिलिग्रॅम मिळालं, आणि पालकाचे ९९ चे झाले ५. तक्ता उलटा झाला की!

अर्थात हे कॅल्शियमपुरतंच, नाहीतर उद्या "पालक विषारी" असा मेसेज फिरायचा. फोलेट आणि के ला ऑक्झलेट काही करत नाही. बीटा कॅरोटीनलाही नाही, फक्त त्याला सोबत थोडं तेल लागतं. लोहाबद्दल एक मजा आहे, दशांश चिन्ह चुकल्यामुळे पालकातलं लोह दहापट छापलं गेलं असं खूप जण छाती ठोकून सांगतात, पण त्या गोष्टीलाच पुरावा सापडलेला नाही, म्हणजे अफवा खोडायला निघालेली अफवा.

खरी चीड येते ती "डिटॉक्स"च्या नावाखाली रोज कच्च्या पालकाचे ग्लासच्या ग्लास रिचवायला सांगणाऱ्यांची. उरलेलं मोकळं ऑक्झलेट रक्तातून किडनीत जातं, आणि सगळ्यात जास्त आढळणारे मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात, अशा ज्यूसच्या अतिरेकाने किडनी निकामी झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. खडा होऊ नये म्हणून कॅल्शियमच बंद करणं हाही उलटाच उपाय, कारण जेवणात दूध-दही असेल तर ऑक्झलेट आतड्यातच बांधलं जातं आणि शौचावाटे निघून जातं, किडनीपर्यंत कमी पोचतं.

पालक उकळून पाणी फेकून दिलं तर विरघळणारं ऑक्झलेट बरंच कमी होतं, पण त्याच पाण्यातून फोलेट आणि सी पण जातं. ज्यांना खड्याचा त्रास होऊन गेलाय त्यांना हा सौदा परवडतो, बाकीच्यांनी भाजीचं पाणी ओतायची तशी काही गरज नाही.